रामानुजन नापास झाले होते, मग?

वांगणीच्या माळावर थंडीच्या दिवसांत रात्रभराचं आकाशदर्शन होतं. पहाटेच्या लोकलची वाट पाहत चहा पिताना तिथे एक संवाद हमखास कानावर पडतो. माणसं सगळ्या तऱ्हेची असतात. कुणी बँकेतला, कुणी औषध कंपनीत फिरतीवर असलेला, कुणी शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई. मृग, कृत्तिका, देवयानी दीर्घिका, सगळं डोळे भरून पाहून झालेलं असतं. मग त्यातला एखादा हळूच म्हणतो, "फिजिक्स नीट शिकावंसं वाटतं हो. आता बीएस्सी करता येईल का?"

यावर दोन उत्तरं तयार असतात. पहिलं जरा हसून: "आता? या वयात? उपयोग काय?" दुसरं कौतुकाने: "अहो, तुम्हाला पदवी कशाला? फॅरेडे कुठे कॉलेजात गेला होता? रामानुजन तर चक्क नापास झाले होते. आणि आता यूट्यूबवर सगळं मिळतं."

पहिल्या उत्तरात निदान लपवाछपवी नाही. दुसरं मात्र पाठीवर थाप मारत माणसाला दाराबाहेरच ठेवतं, म्हणून आधी त्याचाच समाचार घ्यायला हवा.

रामानुजन नापास झाले, हे खरं. गणित सोडून बाकी विषयांकडे त्यांनी पाठ फिरवली, शिष्यवृत्ती गेली, एफ.ए.ची परीक्षा काही पार पडली नाही. 1912 मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकून होते. पण गोष्ट इथे थांबवायची कशी? ज्या कार नावाच्या शिकवणीवाल्याच्या पुस्तकावर त्यांचं गणित पोसलं, त्यात हजारो प्रमेयांची नुसती जंत्री होती, सिद्धता जवळपास नव्हत्याच. त्यामुळे युरोपात आधीच सिद्ध झालेल्या कितीतरी गोष्टी त्यांनी एकट्याने पुन्हा शोधून काढल्या. या कष्टांचं कौतुक करावं की हळहळावं? जानेवारी 1913 मध्ये त्यांनी केंब्रिजच्या गणितज्ञ हार्डीला पाठवलेल्या पत्रात थक्क करणारी सूत्रं होती, आणि मूळ संख्यांविषयीचे काही दावे साफ चुकीचेही होते. चूक बुद्धीची नव्हती. त्या विषयाला लागणारं संमिश्र चलांचं विश्लेषण त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. केंब्रिजला हार्डी आणि लिटलवुड यांनी ती उणीव भरून काढायला घेतली, आणि 1916 मध्ये रामानुजन यांनी तिथली संशोधनाची बी.ए. पदवी घेतली. नापास होण्याचा किस्सा गावभर झाला आहे. या पदवीचा उल्लेख मात्र सहसा कुणी करत नाही.

फॅरेडेचंही तेच. बुकबाइंडरकडचा हा उमेदवार 1812 मध्ये हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकतो, टिपणं काढतो, ती बांधून त्यालाच पाठवतो आणि पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागतो. कॉलेजात तो गेला नाही हे कबूल. पण त्या काळच्या इंग्लंडातल्या अव्वल रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत रोज बाटल्या धुण्यापासून सुरुवात, आणि लगेच त्याच्याबरोबर दीड वर्ष युरोपात हिंडून व्होल्टा, अँपिअर यांच्या भेटी, याला शिक्षण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? इतकं मिळूनही एक बाजू लंगडी राहिली ती राहिलीच. फॅरेडेला गणित येत नव्हतं. 1857 मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्याने तरुण मॅक्सवेलला पत्र लिहून विचारलं की तुम्ही गणिताने जे निष्कर्ष काढता ते आमच्यासारख्यांना कळेल अशा साध्या भाषेत मांडता येणार नाहीत का. ते वाचून वाईट वाटतं. ज्याच्या बलरेषांवर मॅक्सवेलने आपली समीकरणं उभी केली, त्यालाच ती वाचता येत नव्हती. फॅरेडेचं नाव घेऊन "गणिताची काय गरज" म्हणणाऱ्यांनी आधी हे पत्र वाचावं.

क्लाइड टॉम्बॉची कथा मात्र पळवाटवाल्यांना फारशी सोयीची नाही, म्हणून असेल, पण ती कमी सांगितली जाते. कॅन्ससमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. गारपिटीने पीक झोपलं आणि कॉलेजचा विचार बारगळला. त्याने दुर्बिणी बनवायला घेतल्या. आरसा घासून झाला की त्याची चाचणी स्थिर हवेत, स्थिर तापमानात करावी लागते. त्यासाठी त्याने घरामागे चोवीस फूट लांब आणि आठ फूट खोल खड्डा हाताने खणला. एका दुर्बिणीत जुन्या ब्यूक मोटारीचे आणि साय काढायच्या यंत्राचे भाग बसवले. तिच्यातून दिसलेल्या मंगळ-गुरूची चित्रं काढून त्याने ती लॉवेल वेधशाळेला पाठवली. चूक काय ते कुणीतरी सांगावं, एवढीच अपेक्षा होती. उत्तरादाखल नोकरी आली. 18 फेब्रुवारी 1930 रोजी, सहा दिवसांच्या अंतराने काढलेल्या दोन काचा आळीपाळीने डोळ्यांसमोर आणताना एक ठिपका जागा बदलताना दिसला. तो प्लुटो.

आता खरा भाग. वय चोवीस, जगभर नाव, सूर्यमालेचा नवा सदस्य खात्यावर जमा. याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं? पण 1932 मध्ये टॉम्बॉ कॅन्सस विद्यापीठात पहिल्या वर्षाला जाऊन बसला आणि 1936 मध्ये पदवीधर झाला. ग्रह शोधणाऱ्याला प्राथमिक खगोलशास्त्राच्या वर्गात कसं बसू द्यायचं, म्हणून तिथल्या प्राध्यापकाने त्याला तो विषय घेऊ दिला नाही, असा किस्सा त्याच्या चरित्रात येतो. काचा न्याहाळायला लागते ती चिकाटी आपल्याकडे आहे, पण त्या ठिपक्याची कक्षा मांडायला लागतं ते गणित नाही, हे टॉम्बॉला स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

प्लुटोवरून व्यंकटेश बापूजी केतकर यांची आठवण निघणं अपरिहार्य आहे. पेशाने शिक्षक, ज्योतिर्गणितात गाढा व्यासंग. 1911 मध्ये त्यांनी फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं भाकीत छापलं: अंतर 38.95 खगोलीय एकक, प्रदक्षिणाकाळ 242.28 वर्षं. प्लुटोचे आकडे साधारण 39.5 आणि 248. मराठी माणसाने एकोणीस वर्षं आधी सांगितलं होतं, असं म्हणत आपण इथे टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवाव्यात, पण थोडं थांबून. केतकरांचा तर्क ग्रहांच्या गतींत विशिष्ट गुणोत्तरांची संगती असावी या गृहीतावर उभा होता, लॉवेल वेधशाळा उभारणाऱ्या लॉवेलचा तर्क युरेनसच्या कक्षेतल्या तफावतींवर. दोन्ही पायांखाली जमीन नव्हती. प्लुटो इतका हलका निघाला की त्याने कुणाला ओढणं शक्य नव्हतं, आणि व्हॉयेजर-2 ने 1989 मध्ये नेपच्यूनचं वस्तुमान नीट मोजल्यावर त्या तफावतीच विरघळल्या. उत्तर जुळलं म्हणून रीत बरोबर ठरत नाही, हे शाळेतल्या गणिताच्या बाई सांगतात ते उगाच नाही. केतकर थोर होतेच. ते थोर होते ते एका आकड्यामुळे नव्हे, तर आपलं गणित परक्या भाषेत, परक्या तज्ज्ञांपुढे तपासायला ठेवण्याची छाती त्यांच्यापाशी होती म्हणून.

तपासायला ठेवलंच नाही तर काय होतं, याचंही उदाहरण घरचंच आहे. शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारे, विमानाच्या ध्यासाने झपाटलेले गृहस्थ. 1895 मध्ये चौपाटीवर त्यांचं विमान उडालं, असं सांगितलं जातं. तपासून पाहता येईल असा समकालीन पुरावा मात्र नाही. पुढे या दंतकथेला 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथाची जोड मिळाली. 1974 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी तो ग्रंथ बारकाईने तपासला. त्यांचा निष्कर्ष: ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला, आणि त्यातली याने उडण्याच्या लायकीची नाहीत. तरीही 2015 मध्ये मुंबईतच भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. तळपदे यांच्या कुतूहलाला कुणी हसू नये. पण ते कुतूहल कुठल्या कारखान्यात, कुठल्या पवनबोगद्यापाशी पोचलं असतं, कुणी वजन, उद्धरण, इंजिनाची शक्ती यांचा हिशेब मागितला असता, तर आज हाती दंतकथेऐवजी काहीतरी राहिलं असतं.

हिशेब मागणारं माणूस समोर असणं, हेच त्या बीएस्सीत मिळतं. व्हिडिओ हिशेब मागत नाही. दहा वर्षं खगोलशास्त्राचे व्हिडिओ पाहणाऱ्यालाही, पृथ्वी सूर्याच्या जवळ असते म्हणून उन्हाळा येतो, असं मनातल्या मनात वाटत राहू शकतं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण स्वेटर घालून वांगणीला बसलेलो असताना. हा गैरसमज तोंडी परीक्षेत दोन मिनिटांत उघडा पडतो.

किंवा साधा लंबक घ्या. मीटरभर दोरी, खाली गोळी. एक आंदोलन सुमारे दोन सेकंदांचं. स्टॉपवॉच दाबताना हाताची चूक होते समजा 0.2 सेकंदाची. एकच आंदोलन मोजलं तर आवर्तकाळात दहा टक्के चूक, आणि गुरुत्वत्वरणात काळाचा वर्ग येत असल्याने तिथे वीस टक्के. वीस आंदोलनं मोजून भागाकार केला की तीच चूक एक टक्क्यावर येते. यात नवं यंत्र नाही, पैसा नाही. फक्त 'माझं उत्तर किती चुकलं असेल' हा प्रश्न आहे, आणि तो आपणहून सुचत नाही, जर्नल तपासणारे सर लाल पेनाने लिहितात तेव्हा सुचतो. (सीनियरच्या जर्नलवरून आकडे उतरवण्याची थोर परंपरा आपल्याकडे आहे, हे मान्य. पण चाळिशीत स्वतःच्या पैशाने आणि रजा टाकून प्रॅक्टिकलला आलेला माणूस आकडे कशाला उतरवील?)

प्रतिपक्षाकडे एक भक्कम मुद्दा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित मॅट्रिकपुढे गेले नाहीत, तरी 1896 मध्ये त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा जो इतिहास लिहिला त्याला आजही वळसा घालता येत नाही. बंगालमधले राधागोविंद चंद्र प्रवेशपरीक्षेत तीनदा नापास झालेले, सरकारी खजिन्यात नोकरी करणारे. त्यांनी रूपविकारी ताऱ्यांची सदतीस हजारांहून अधिक निरीक्षणं अमेरिकेतल्या संघटनेला पाठवली. पदवीवाचून विज्ञानाची सेवा होते, याला हे दोघे पुरेसे साक्षीदार आहेत. मात्र चंद्र मनाला येईल तसं आकाश पाहत नव्हते. कुठल्या ताऱ्याशी कुठल्या ताऱ्याचं तेज ताडून पाहायचं याचे नकाशे होते, नोंदीचा साचा होता, आणि शेकडो निरीक्षकांच्या आकड्यांशेजारी आपला आकडा मांडला जाणार ही जाणीव होती. शिस्त टपालाने आली, इतकंच. जो हौशी माणूस अशा कुठल्या जाळ्यात स्वतःला बांधून घेतो त्याला पदवी नको असेल तर नसू दे. प्रश्न ज्याला ती हवी आहे त्याचा आहे.

त्याला ऐकवलं जाणारं वयाचं कारण फार वेळ खाण्याजोगं नाही. 'क्वीन'चा गिटारवादक ब्रायन मे याने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात राशिप्रकाशाच्या धुळीवर पीएच.डी. सुरू केली, 1974 च्या सुमारास ती अर्धवट टाकली, तीसेक वर्षं स्टेडियमं गाजवली आणि 2007 मध्ये, साठाव्या वर्षी, प्रबंध पुरा केला. उपयोग काय, असं त्याला कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. गाणं शिकणाऱ्या सत्तरीच्या आजींनाही आपल्याकडे कुणी विचारत नाही. विज्ञानालाच तेवढा नोकरीचा दाखला मागायचा, हा कुठला न्याय?

अडचण वयाची नाहीच, दहावीनंतरच्या त्या एका जूनची आहे. पंधराव्या वर्षी घरच्यांनी कॉमर्सला घातलं की विज्ञानाचं दार लागतं. बारावी सायन्स नाही, म्हणजे बीएस्सी नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून, इग्नू 1985 पासून नोकरदारांना शिकवतं आहे, पण तिथेही विज्ञानाच्या दारात तोच दाखला मागितला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2025 च्या नियमांनी प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला बारावीच्या शाखेची अट शिथिल करून फट ठेवली आहे. कुठली विद्यापीठं ती रुंद करतात ते दिसेलच.

आणि प्रॅक्टिकलचं काय? नोकरदारासाठी प्रयोगशाळा कोण उघडी ठेवणार, असं विचारलं जातं. आपल्याकडे कायद्याचे वर्ग सकाळी सातला भरतात, कॉमर्सचे रात्री भरतात. लंडनमध्ये कामगारांसाठी 1823 मध्ये सुरू झालेली संस्था, म्हणजे आजचं बर्कबेक कॉलेज, दिवसा कामावर जाणाऱ्यांना संध्याकाळी शिकवत आली आहे. याच बर्कबेकमध्ये भौतिकशास्त्रज्ञ बर्नाल होता, आणि डीएनएचं छायाचित्र मागे ठेवून रोझलिंड फ्रँकलिन इथेच विषाणूंच्या रचनेवर काम करायला आली. तेव्हा वांगणीहून पहाटेच्या लोकलने परतणाऱ्या त्या बँकेतल्या गृहस्थांना लंबकासाठी संध्याकाळी सहा ते आठ मुंबईतल्या एखाद्या कॉलेजची प्रयोगशाळा का मिळू नये? ती त्या वेळी कुलूपबंदच असते.