मेलेला हिडमा, जिवंत भूपती

18 नोव्हेंबर 2025 ला आंध्रातल्या मारेडुमिल्लीच्या जंगलात बस्तरचा माओवादी कमांडर माडवी हिडमा मारला गेला आणि भिलाईत निकाल लागून गेला : किस्सा खतम. बस्तरची बातमी भिलाईत परगावची म्हणून येत नाही. इथल्या पोलाद प्लांटच्या भट्ट्या ज्या लोहखनिजावर चालतात ते दल्ली-राजहऱ्यातून येतं, तिथला चांगला साठा सरत आला आहे, आणि पुढची सगळी भिस्त आहे ती रावघाटवर. रावघाटचा डोंगर कांकेर-नारायणपूरच्या हद्दीवर. तिकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाचं काम वर्षानुवर्षं बंदुकीच्या पहाऱ्यात चाललं. तेव्हा हिडमाच्या मरणाने इथल्या माणसाला हायसं वाटलं तर त्यात गैर काही नाही. आक्षेप आहे तो त्या हायसं वाटण्यातून काढलेल्या सिद्धांतावर : म्होरक्या मारा, दहशत संपते.

हा सिद्धांत मांडणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही. 21 मे 2025 ला अबूझमाडमध्ये माओवादी पक्षाचा सरचिटणीस नंबाला केशव राव ऊर्फ बसवराजू मारला गेला. ऑक्टोबरात त्याच पक्षाचा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती गडचिरोलीत शरण आला, पाठोपाठ दुसरा नेता रूपेश जगदलपुरात. नोव्हेंबरात हिडमा. आधी डोकं उडालं, मग धड कोसळलं, असाच क्रम दिसतो. वर बंगालचं उदाहरण असतंच : 24 नोव्हेंबर 2011 ला माओवादी नेता किशनजी मारला गेला आणि तिथला जंगलमहाल शांत झाला. आणि शेवटी हुकमाचं पान म्हणून श्रीलंकेतल्या तमिळ वाघांचा प्रभाकरन.

पण तारखा थोड्या मागे नेऊन पाहा. सुकमा जिल्ह्यातल्या पुवर्तीत, म्हणजे हिडमाच्या स्वतःच्या गावात, सुरक्षा दलांचा कॅम्प बसला तो फेब्रुवारी 2024 मध्ये. तेव्हा हिडमाही जिवंत होता आणि बसवराजूही. देशातले नक्षलग्रस्त जिल्हे केंद्राच्या यादीत 2018 मध्ये 126 होते. एप्रिल 2024 मध्ये ते 38 उरले होते. बसवराजू मेला त्याच्या वर्षभर आधीचा हा आकडा आहे. ज्याच्या बटालियनच्या नावाने दक्षिण बस्तर थरथरायचं तो हिडमा आपला मुलूख सोडून परक्या राज्यात मेला आणि त्याच्यासोबत मेलेले होते अवघे पाच. गावात राहायला जागा उरली नव्हती म्हणून तो तिथे होता. त्याच्या मरणाने ही कोंडी झाली असं म्हणणं म्हणजे कार्याला कारण ठरवणं. कोंडी झाली ती रस्त्यांनी, पाच-सात किलोमीटरवर बसत गेलेल्या कॅम्पांनी, आणि सगळ्यात जास्त डीआरजीमुळे. डीआरजी म्हणजे जिल्हा राखीव दल. त्यातली पोरं तिथलीच, गोंडी-हलबी बोलणारी, कित्येक तर पूर्वी स्वतः दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, असलेली. पायवाट कुठे वळते हे त्यांना नकाशात शोधावं लागत नाही.

आणि नेते काय पहिल्यांदाच मेले? 2 डिसेंबर 1999 ला पीपल्स वॉरच्या, म्हणजे माओवादी पक्षाच्या पूर्वावताराच्या, केंद्रीय समितीचे तीन सदस्य एकाच वेळी मारले गेले : श्याम, महेश, मुरली. त्यांचा पक्ष काय करता झाला? बरोबर वर्षाने, 2 डिसेंबर 2000 ला, त्याने पुढे पीएलजीए म्हणून ओळखली गेलेली आपली गनिमी सेना उभी केली आणि त्या तिघांच्या मरणदिवसाला स्थापनादिवस करून टाकलं. दर डिसेंबरात पीएलजीए सप्ताहाची पत्रकं निघत आणि आतली बस-वाहतूक बंद पडे, त्याचं मूळ हे. याच सेनेने 6 एप्रिल 2010 ला ताडमेटल्यात 76 जवान मारले. त्याच वर्षी जुलैत पक्षाचा प्रवक्ता आझाद मारला गेला, पुढच्या वर्षी किशनजी. आणि 25 मे 2013 ला झीरम घाटीत काँग्रेसच्या ताफ्यावर हल्ला होऊन महेंद्र कर्मा, नंदकुमार पटेल मारले गेले, जखमी झालेले विद्याचरण शुक्लही पुढे वाचले नाहीत. तीन, मग एक, मग आणखी एक. म्होरके जात होते आणि मोठे हल्ले होतच होते.

मग बंगाल? तिथे जंगलमहालातल्या लालगढचा उठाव पेटला नोव्हेंबर 2008 मध्ये. म्हणजे किशनजी मेला तेव्हा त्याला पुरती तीन वर्षं झाली होती. शिवाय मे 2011 मध्ये सरकार बदललं, ज्या पक्षाच्या जुलमाविरुद्ध तो उठाव म्हणवला जात होता तोच सत्तेवरून गेला. दोन रुपये किलोने तांदूळ आला, स्थानिक पोरांची पोलिसात भरती झाली. यातलं सगळं वगळून एका गोळीला श्रेय द्यायचं ही हिशेबातली लबाडी आहे. प्रभाकरनचं तर बोलूच नये. तो मे 2009 मध्ये मेला तेव्हा त्याची अख्खी फौज त्याच्यासोबत एका चिंचोळ्या किनारपट्टीवर अडकली होती, आणि हजारो निःशस्त्र तमिळही. ज्यांना हे उदाहरण आवडतं त्यांनी ती किंमतही मोठ्याने उच्चारावी.

आता दुसऱ्या बाजूचा समाचार घ्यायला हवा, कारण तीही तितकीच आळशी आहे. शहरातल्या शहाण्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं : एक मारलात तर शंभर उभे राहतील. रक्तबीजाची ही गोष्ट ऐकायला जोरकस आहे, पण बस्तरात ती खोटी ठरली. बसवराजू वारंगलच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातला, त्याच्या आधीचा सरचिटणीस गणपती मास्तर. आंध्र-तेलंगणातल्या कॉलेजांतून सत्तर-ऐंशीच्या दशकांत निघालेली ती पिढी चाळीस वर्षं पक्ष चालवत राहिली. 1999 मध्ये तिघे पडले तेव्हा त्यांच्या मागे त्याच पिढीतले दहा उभे होते. 2025 मध्ये मागे वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. वारंगलचा पोरगा आता हैदराबादच्या आयटी कंपनीत जातो. नेता भरून निघतो की नाही हे मारणाऱ्याच्या नेमबाजीवर ठरत नाही, मागून येणारा आहे का यावर ठरतं.

आणि मागून येणारा थांबतो कशाने? इथे मल्लोजुला घराण्याकडे पाहावं. पेद्दपल्लीचं एक घर, त्यातले दोन भाऊ जंगलात गेलेले. त्या दोघांतला थोरला कोटेश्वर राव, म्हणजेच किशनजी. तो गोळी लागून मेला. तो मेल्यावर बस्तर-गडचिरोलीत कोणी बंदूक खाली ठेवल्याचं दिसलं नाही. धाकटा भाऊ भूपती तर आणखी चौदा वर्षं जंगलात राहिला. मग या धाकट्याने सशस्त्र लढा थांबवावा असं पत्र काढलं, पक्षात भांडण लागलं, आणि 15 ऑक्टोबर 2025 ला तो साठ जणांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांसमोर हत्यारांसकट उभा राहिला. त्याची बायको तारक्का त्याच वर्षाच्या पहिल्या तारखेला तिथेच आली होती. भूपतीनंतर दोन दिवसांत जगदलपुरात रूपेशसोबत आले दोनशेच्या वर. एका मेलेल्या भावाने जे झालं नाही ते जिवंत भावाच्या पत्राने झालं. बसवराजूच्या मरणाने या पत्राला वाट करून दिली असेल, हे मी नाकारत नाही. पण मरणाला वाट करून देता येते, सही करता येत नाही.

पेरूमध्येही हेच घडलं. शायनिंग पाथचा आबिमाएल गुसमान 12 सप्टेंबर 1992 ला लिमातल्या एका घरात जिवंत पकडला गेला. वर्षभरात त्याने तुरुंगातूनच शांततेची भाषा सुरू केली आणि त्याच्या संघटनेत फूट पडली. मारला असता तर हुतात्मा झाला असता. आपल्याकडे नक्षल चळवळीचे प्रवर्तक चारू मजुमदार जुलै 1972 मध्ये कोलकात्यात पोलिसांच्या ताब्यात असताना वारले; त्यांना चूक झाली म्हणण्याची संधी उरली नाही, आणि त्यांची तसबीर पुढची पन्नास वर्षं भिंतीवर राहिली. हिडमाचीही तसबीर होऊ शकते. पुवर्तीत त्याच्या अंत्यसंस्काराला जी गर्दी जमली ती सगळी भीतीने जमली होती असं मानणारा बस्तर ओळखत नाही.

म्हणून हिडमाला हार घालायला हवा होता का, असा प्रश्न येईलच. नाही. जो एके-47 रोखून उभा आहे त्याच्यावर जवानाने गोळी झाडू नये असं म्हणणारा मी नाही. त्या बंदुकीपुढे बस्तरच्या खेड्यांतले 'खबरी' ठरवून मारलेले गरीब आदिवासी मी विसरलेलो नाही. वाद मोजदादीचा आहे. आकड्यांच्या पाटीवर मेलेल्यांची संख्या वाढली की धोका तितका घटला, असं सरकार सांगतं आणि आपण मान डोलावतो. 31 मार्च 2026 ही नक्षलवाद संपवण्याची तारीख याच पाटीवर लिहिलेली होती.

भिलाईने तरी असली मोजदाद करू नये, कारण नेता गोळीने पडला की काय होतं आणि काय होत नाही हे या शहराने वेगळ्या अर्थाने पाहिलं आहे. शंकर गुहा नियोगींना 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे इथेच हुडको वसाहतीत झोपेत गोळी घातली गेली. ते बंदूकवाल्यांच्या विरुद्ध टोकाला उभे होते : युनियन, दारूबंदी, दल्लीत मजुरांनी मजुरांसाठी उभारलेलं शहीद हॉस्पिटल. 1977 मध्ये दल्लीत कंत्राटी खाणमजुरांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, 11 जण मेले, तरी हा माणूस कायद्याच्या वाटेवरून हटला नाही. त्यांच्या खुनानंतर वर्षाच्या आत, 1 जुलै 1992 ला, पॉवरहाऊस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या मजुरांवर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. दक्षिणेकडच्या जंगलात बसलेल्या दलमला यापेक्षा चांगला प्रचारक भाड्याने मिळाला नसता. दादा लोक आदिवासी पोराला एवढंच सांगत : सभा घेणाऱ्याचं काय होतं ते भिलाईत जाऊन बघ.

ते पोरगं आज रावघाटच्या पायथ्याशी आहे. दल्लीहून निघालेली रेल्वे 2022 मध्ये अंतागडला पोचली आणि त्याहीपुढे गेली, समोर डोंगर. बसवराजू नाही, हिडमा नाही, अडवणारा कोणी नाही. आता ग्रामसभेला विचारायचं की नाही, पेसा 1996 चा आणि वनहक्क कायदा 2006 चा, ते कागदावरच ठेवायचे की नाही, जमीन गेलेल्याला प्लांटच्या पगारपत्रकावर घ्यायचं की ठेकेदाराच्या वहीत, हे प्रश्न अबूझमाडमध्ये सुटणार नाहीत. ते भिलाईतच, प्लांटच्या कचेरीत, रीतसर फायलींवर सुटायचे आहेत.