सायकल मिळाली, वाट कुठे?

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. चांगली योजना आहे. बिहारने २००६ मध्ये असेच केले, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे अभ्यासात दिसले. पण सायकल दारात आल्यावर ती चालवायची कुठे? हिमायतनगरला येणाऱ्या वाडी-तांड्यावरच्या मुलीने ट्रॅक्टर-टेम्पोच्या कडेने जीव मुठीत धरून यायचे, नाहीतर घरी बसायचे.

हा प्रश्न तिच्या आई-बापाच्या तब्येतीचाही आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. बाजाराला जाताना पंधरा मिनिटे आणि येताना पंधरा मिनिटे झपझप चालले, की पाच दिवसांत तेवढे भरते. तालुक्याच्या गावात शाळा, तहसील, दवाखाना एवढ्याच अंतरावर असतात. तरी चौकापर्यंत जायलाही मोटारसायकलला किक बसते. त्याला आळस म्हणणे सोपे आहे. पायी चालणाऱ्याला जागाच ठेवली नाही, हे कोणी बोलत नाही.

यासाठी पुण्यासारखे रंगवलेले सायकल ट्रॅक नकोत; त्यांतले कितीतरी पार्किंगने गिळले. आपल्याकडे पाणंद आहे. गाव नकाशावर ती असते, शिवारात बांध सरकत सरकत ती बुजते. अडवलेला रस्ता मोकळा करण्याचे अधिकार १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने तहसीलदारांना आहेत. पैशाचेही तसेच. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेने २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांची सांगड रोजगार हमीशी घातली. पण ती वाट शेतमालाची म्हणून पाहिली गेली, शाळेची म्हणून नाही.

काळ्या मातीत नुसता मुरूम टाकून भागत नाही. माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि दुसऱ्या वर्षी वाट पुन्हा चिखलात जाते. दोन्ही बाजूंना नाल्या, ओढ्यावर नळकांडी मोरी आणि कडेला कडुनिंब हवा. मराठवाड्याच्या उन्हात सावली नसलेल्या वाटेवर दुपारी कोण चालणार?

लोकवर्गणीचा उपयोग या देखभालीसाठी करावा. सप्त्याला वर्गणी गोळा करून पै-पैचा हिशेब देणाऱ्या गावांना हे अवघड नाही. मूळ बांधकाम मात्र सरकारी पैशातूनच व्हावे. गरिबाच्या श्रमदानावर ते ढकलू नये.

खरी अडचण हद्दीची आहे. तांड्याची वाट ग्रामपंचायतीची, शेवटचा तुकडा नगरपंचायतीचा. दोघांनी वेगवेगळे ठराव केले, तर वाट वेशीवरच तुटते. म्हणून दोन्ही ठरावांत एकाच वाटेचे गट क्रमांक, लांबी आणि मोऱ्यांच्या जागा लिहिलेल्या हव्यात, आणि ते जिल्हा नियोजन समितीकडे एकत्रच जायला हवेत.