एस.टी.तील आपली रिकामी जागा

आमच्या भागातील सायंकाळची एक मुक्कामी गाडी गेल्या पावसाळ्यानंतर बंद झाली. तालुक्याच्या गावाहून पाच वाजता सुटून, जंगलाच्या कडेकडेने सात-आठ गावे घेत ती शेवटच्या टोल्यावर जाई, रात्री तेथेच मुक्काम करी आणि पहाटे शाळा-कॉलेजची मुले, भाजीच्या टोपल्या आणि दवाखान्याचे रुग्ण घेऊन परत येई. ती बंद झाल्याचे कळताच साऱ्या धर्मग्रामात संतापाची लाट उसळली. एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात सभा झाली, कडक शब्दांत एक अर्ज लिहिला गेला आणि त्यावर त्रेसष्ट सह्या झाल्या. अर्ज लिहिणारा मीच होतो. 'आदिवासी व गोरगरीब जनतेवर घोर अन्याय' हे शब्दही माझेच.

सोमवारी आम्ही पाच जण अर्ज घेऊन आगारात गेलो. आगारप्रमुखांनी आदराने बसवले, चहा मागवला, अर्ज शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "फादर, आपण सगळे आज कशाने आलात?"

आम्ही मिशनच्या जीपने गेलो होतो.

ते आणखी काही बोलले नाहीत. त्यांनी त्या फेरीचा भारमानाचा तक्ता पुढे ठेवला. परत येताना जीपमध्ये आम्ही त्यांना पुष्कळ नावे ठेवली. उद्धट माणूस, सरकारी वृत्ती, वगैरे. घरी पोहोचेपर्यंत माझा राग ओसरला होता आणि त्या जागी दुसरेच काहीतरी बोचू लागले होते. हा लेख त्या बोचणीतून लिहीत आहे. वाचकांपैकी काहींना तो टोचेल, ह्याची मला कल्पना आहे.

'भारमान' हा शब्द एस.टी.च्या कचेरीबाहेर फारसा ऐकू येत नाही. पण आपल्या दोन जिल्ह्यांतील शेकडो गावांचे भवितव्य त्यावर अवलंबून आहे. गाडीत जितक्या जागा, त्यांपैकी किती जागांचे भाडे प्रत्यक्ष मिळाले, ह्याचे प्रमाण म्हणजे भारमान. ते घसरले की फेरीवर प्रश्नचिन्ह लागते, मग तिची वेळ बदलते, मग ती एक दिवसाआड होते आणि शेवटी 'प्रतिसादाअभावी' बंद होते. हा शब्दप्रयोग मोठा लबाड आहे. प्रतिसाद कोणाचा नाही? टोल्यावरच्या म्हातारीचा प्रतिसाद कधीच कमी झालेला नसतो. तिला दुसरा मार्गच नाही. गाडी सोडून जातो तो आपण. शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका, खाणीत किंवा कागद गिरणीत नोकरी असलेला गृहस्थ आणि हो, धर्मगुरूसुद्धा. ज्याच्या हाती दरमहा पगार येतो तो प्रथम मोटारसायकल घेतो, मग मोटार घेतो, आणि आपण केवळ स्वतःची सोय केली असे समजतो. वस्तुतः त्याने आपल्या शेजाऱ्याच्या गाडीचे एक भाडे काढून घेतलेले असते. असे दहा-बारा जण गेले की उरलेल्या पंधरांची गाडीही जाते.

भाड्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते, आणि मला वाटते ती अधिक मोलाची आहे. गाडीतून आवाज जातो. मी सेमिनरीतून नवा नवा बाहेर पडलो तेव्हा ह्याच रस्त्यांवर एस.टी.ने फिरत असे. त्या काळी गाडीत हेडमास्तर असत, तलाठी असत, डॉक्टरही असत. गाडी अर्धा तास उशिरा आली की हेडमास्तर तक्रार-पुस्तक मागवत, आणि त्या पुस्तकाला वाहक वचकून असे. आज त्याच गाडीत बसणाऱ्या बाईला तक्रार-पुस्तक नावाची वस्तू असते हेच ठाऊक नाही. काच फुटली तर ती पदर ओढून घेते. गाडी आलीच नाही तर ती चालू लागते. व्यवस्था बिघडली म्हणून आपण बाहेर पडलो, असे आपण सांगतो. आपण बाहेर पडलो म्हणून ती अधिक बिघडली, हे सांगत नाही.

ही गाडी कोणाची कृपा म्हणून सुरू झालेली नाही. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान पहिली एस.टी. धावली. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. राज्यपुनर्रचनेनंतर इकडील प्रवासी वाहतूकही ह्याच महामंडळात सामील झाली. खासगी मोटारवाला जेथे नफा तेथेच जातो, म्हणून सरकारने रस्ता हाती घ्यावा आणि शहरी मार्गांच्या कमाईतून आडगावची गाडी चालवावी, हा त्यामागील विचार होता. 'गाव तेथे एस.टी.' ह्या घोषणेचा अर्थ इतकाच, की भरलेल्या गाडीने रिकाम्या गाडीचा भार वाहावा. आता ह्या साखळीची वरची कडी आपण तोडली आहे. नागपूरला जायचे तर मोटार आणि खासगी आरामगाडी. आणि जंगलातली तोट्यातली फेरी मात्र महामंडळाने चालवावी, ही आपली अपेक्षा.

१ जानेवारी २०२५ ह्या दिवसाची आठवण करून देतो. एटापल्ली तालुक्यात गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी ह्या ३२ किलोमीटरच्या रस्त्यावर त्या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते एस.टी. सुरू झाली. स्वातंत्र्य मिळून ७७ वर्षे झाली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातील कटेझरी गावात प्रथमच गाडी आली आणि जुलैमध्ये भामरागड तालुक्यातील मरकणारला, अबूझमाडच्या पायथ्याशी. कटेझरीच्या लोकांनी ढोल वाजवून, हाती तिरंगा घेऊन गाडीचे स्वागत केले. वर्तमानपत्रातील ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले, काहींनी भ्रमणध्वनीवर एकमेकांना पाठवले. मी एवढेच विचारतो: त्यांनी तीन पिढ्या जिची वाट पाहिली, ती गाडी आपल्या फाट्यावर थांबते तेव्हा आपण आरशात पाहून ती मागे टाकतो की नाही?

गाडी नसली म्हणजे काय होते, हे आपण अलीकडेच पाहिले आहे. करोनानंतर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या शाळा उघडल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्यास सांगितले, तोवर शाळेचे वर्ष जवळजवळ सरले होते. शासनात विलीनीकरणाची त्यांची मागणी योग्य की अयोग्य, ह्या वादात मी शिरत नाही. ज्या पगारावर ती माणसे घाटातून गाडी हाकत होती तो लाजिरवाणा होता, एवढे मात्र म्हणतो. पण त्या महिन्यांत ज्यांच्या दारात मोटार होती त्यांना संपाची झळ किती लागली? काळी-पिवळीवाल्यांनी वाटेल ते भाडे घेतले. आमच्या शाळेतील दूरच्या गावांच्या मुली दिसेनाशा झाल्या. त्यांपैकी काही पुन्हा आल्याच नाहीत. दोघींची लग्ने झाल्याचे नंतर कळले. शिक्षणासाठी मुलींना एस.टी.चा पास मोफत मिळतो, पण गाडीच नसेल तर पास काय वहीत चिकटवायचा?

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते मला रोज ऐकावे लागतात. 'फादर, गाडीचा भरवसा नाही.' खरे आहे. गळके छप्पर, न लागणारी खिडकी, मध्येच बंद पडणारे इंजिन, हे सर्व मीही सोसले आहे आणि ह्याबद्दल शासनाला मी माफ करणार नाही. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांसाठी अहोरात्र मोकळा असलेला रस्ता त्याच ट्रकांनी उखडला की भोगायचे मात्र गाडीतल्यांनी, हाही अन्यायच. पण ह्यावर भांडायचे तर गाडीत बसलेल्यानेच भांडावे लागेल. बाहेरच्याच्या अर्जाचे काय होते ते वर सांगितलेच आहे. 'वेळ जातो' असेही म्हणतात. जातो. रोज दोन तास जर शेतीत किंवा दवाखान्यात उपयोगी पडणार असतील, तर त्या माणसाशी माझा वाद नाही. रात्री-अपरात्री आजारी माणसाला नेण्यासाठी गाडी हवी, हेही मान्य. मिशनची जीप त्यासाठीच आहे. माझा वाद आहे तो शनिवारी एकट्याने मोटार घेऊन चंद्रपूरला कपडे खरेदीला जाण्याशी, आणि डीनरीच्या सभेला एकाच रस्त्याने चार मिशनांच्या चार जीप येण्याशी. त्या सभेत आम्ही गरिबांच्या बाजूने ठरावही करतो!

एक गमतीची बाबही नोंदवतो. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.चे निम्मे भाडे झाले, पंचाहत्तरीपुढील वृद्धांना तर ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. त्यामुळे आता कित्येक घरांत आई आणि आजी गाडीने जातात आणि कर्ता पुरुष त्याच वेळी, त्याच गावाला, त्याच रस्त्याने मोटारसायकलवरून. विचारले तर म्हणतात, 'मला कशाला पूर्ण भाडे?' पेट्रोल जणू आकाशातून पडते. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली; त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. बसमधील मृतांचा आकडा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. मी गेल्या काही वर्षांत जी तरुण माणसे पुरली, त्यांच्या घरच्यांना हे सांगण्याची गरज नाही.

इंधनाचा हिशेब तर शाळकरी पोरही करील. चंद्रपूर ते गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर. साधी एस.टी. लिटरला चार-पाच किलोमीटर जाते, म्हणजे सोळा ते वीस लिटर डिझेल. चाळीस प्रवासी असतील तर माणशी फार तर अर्धा लिटर. मोटारीला पाच लिटर लागले आणि आत दोघे बसले, तर माणशी अडीच. पाचपट! २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांचा निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर देशात चौथे होते. त्याचे खापर मोटारींवर फोडणे खोटेपणाचे होईल. कोळसा आणि औष्णिक वीजकेंद्र आपल्या डोळ्यांसमोर आहेत. तरीपण ज्या हवेबद्दल आपण रोज कुरकुरतो तिच्यात आपलाही धूर मिसळतो, हे नाकारता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात सार्वजनिक वाहनाने प्रवास करणे रोजच्या साध्या सत्कृत्यांमध्ये गणले आहे. ते स्वतः ब्वेनोस आयरेसचे आर्चबिशप असताना बसने आणि भुयारी रेल्वेने हिंडत. त्यांच्या निधनानंतर, २०२५ च्या एप्रिलमध्ये, आपण सर्वांनी त्यांच्या साधेपणाची स्तुती केली आणि मोटारी सुरू करून घरी गेलो.

कोणी म्हणेल, तोट्यातली फेरी बंद करणे हे व्यवहारज्ञानच आहे. इंग्लंडने हे करून पाहिले. १९६३ साली बीचिंग नावाच्या अधिकाऱ्याने रेल्वेचा हिशेब मांडून दोन हजारांहून अधिक स्थानके आणि सुमारे पाच हजार मैल मार्ग बंद करण्याची शिफारस केली. बरेचसे बंद झालेही. गावकऱ्यांना सांगितले गेले की बदली बस मिळेल. पुढे त्यांपैकी अनेक बसही तोट्यात म्हणून थांबल्या. आणि ज्या लहान फाट्यांवरून प्रवासी मुख्य मार्गावर येत, ते फाटेच गेल्यावर मुख्य मार्गालाही घट लागली. गेल्या काही वर्षांत त्यांपैकी काही मार्ग फार मोठ्या खर्चाने पुन्हा उघडावे लागले. आपल्या टोल्यावरून येणारी गाडी हा असाच एक फाटा आहे.

आगारातून परतल्यावर आम्ही अर्ज मागे घेतला नाही. मात्र दुसरा एक कागद सोबत जोडला. त्यावर कोण, कोणत्या वारी, कोठून कोठे ह्या गाडीने जाईल, हे नावानिशी लिहिले. सकाळची रविवारची मिस्सा सात वाजता होती ती मी साडेआठला नेली, कारण पहाटेची गाडी आठला पोहोचते. ह्यावरून बरीच कुरबुर झाली, विशेषतः ज्यांच्याकडे मोटारी आहेत त्यांच्याकडून. त्यांची न्याहारी लांबते. आगारप्रमुखांनी तीन महिन्यांच्या बोलीवर फेरी पुन्हा सुरू केली. आता त्यांतील एक महिना उरला आहे.

परवाच्या मंगळवारी मी त्या गाडीने शेवटच्या टोल्यापर्यंत गेलो. गाडीत सव्वीस माणसे होती. अर्जावर सह्या करणाऱ्या त्रेसष्टांपैकी, मी धरून, चार.