मेथाडोन चालू आहे? मग ईसीजी झाला का?

वस्तीत काम करताना एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. ब्राऊन शुगर सोडलेला मुलगा रोज सकाळी सरकारी ओएसटी केंद्रावर जाऊन औषध घेतो. पुढे मन खचते, झोप उडते, म्हणून तो दुसऱ्या दवाखान्यात जातो. 'गर्दुल्ला' म्हणून हाकलतील या भीतीने तिथे पहिल्या औषधाचे नावच काढत नाही. डॉक्टरही विचारत नाहीत. डिप्रेशनची गोळी लिहून मोकळे होतात.

धोका इथेच आहे. ओएसटीत बहुतेकांना बुप्रेनॉर्फिन मिळते, काही केंद्रांवर मेथाडोन. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जो वेळ लागतो, तो मेथाडोनमुळे लांबतो. ईसीजीवर तो 'क्यूटी' म्हणून मोजतात. सिटालोप्राम, एस्सिटालोप्राम या डिप्रेशनच्या गोळ्याही तेच करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली मेथाडोनबद्दल आणि २०११ साली सिटालोप्रामबद्दल इशारा दिला होता. क्यूटी ५०० मिलिसेकंदांपुढे गेला तर ठोका एकाएकी बिघडून माणूस कोसळू शकतो, दगावूही शकतो. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरले असेल तर भीती आणखी. बुप्रेनॉर्फिनमध्ये हा धोका बराच कमी आहे.

म्हणून औषध बंद करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मेथाडोन मध्येच सुटले की माणूस पुन्हा ब्राऊन शुगरकडे वळतो, आणि सवय मोडलेल्या शरीराला जुनाच डोस जीवघेणा ठरतो. पाचव्या शीलाचा दाखला देत 'हीसुद्धा नशाच' म्हणणारे आपल्यातच आहेत. अशा बोलण्यानेच पोरे औषध लपवतात.

आमची मागणी साधी आहे. मेथाडोन सुरू करण्याआधी, डोस वाढवल्यावर आणि डिप्रेशनची गोळी जोडताना ईसीजी काढलाच पाहिजे. वॉर्डात आम्ही कितीतरी ईसीजी काढले. पाच-दहा मिनिटांचे काम. छातीत दुखते म्हणणाऱ्याचा लगेच निघतो, मग या पोरांचा का नाही? डिप्रेशनवर क्यूटीला कमी धक्का लावणाऱ्या गोळ्याही आहेत, पण आधी काय चालू आहे हे कळले तरच डॉक्टर त्या निवडतील.

घरच्यांनी सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्यावीत आणि ओएसटीचे औषध तोंडाने सांगावे. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर तेही सांगावे. चक्कर आली, छातीत धडधडले किंवा शुद्ध हरपली, तर उद्याची वाट न पाहता त्याच वेळी मोठे रुग्णालय गाठावे.