फावल्या वेळचें चिंतन : चोरून टिपलेला नाद

गेल्या महिन्यांतील गोष्ट. सायंसंध्या आटोपून मी माडीवर चाललों होतों, तों वडील बंधूंच्या नातवाच्या खोलींतून असा कांहीं गडगडाट ऐकूं आला, कीं स्वयंपाकघरांतील भांड्यांची फळीच कोसळली कीं काय, असें मला वाटलें. दार लोटून पाहतों, तों चिरंजीव संगणकासमोर तल्लीन होऊन बसलेले! "अरे, हें गाणें आहे कीं भांडण?" असें मीं विचारतांच तो म्हणाला, "आजोबा, गाणें आवडलें नाहीं तरी चालेल. पण या माणसाकडे पांच मिनिटें पाहा."

मीं पाहिलें. चित्र धूसर होतें, आवाज जागोजाग फाटत होता. लहानशा रंगमंचावर लांब केसांचा एक तरुण चार तारांची बेस गिटार घेऊन वाजवीत होता. हातांत नखी नाहीं, नुसतीं बोटें. आणि पायाखालच्या खटक्यानें त्या खर्जाच्या तारेचा आवाज मध्येंच गर्जे, मध्येंच माणसासारखा विव्हळे. त्या नादाची मला गोडी लागली असें मी म्हणणार नाहीं. माझ्या कानांवरचे संस्कार निराळे. परंतु ज्याला आपल्याकडे तादात्म्य म्हणतात, तें डोळ्यांसमोर होतें. तें नाकारणें अप्रामाणिकपणाचें झालें असतें.

त्या तरुणाचें नांव क्लिफ बर्टन. वाद्यवृंद 'मेटॅलिका', स्थळ अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को शहराचा 'द स्टोन' नांवाचा क्लब, आणि तारीख १९ मार्च १९८३. या प्रकारच्या संगीतास 'हेवी मेटल', म्हणजे शब्दशः 'जड धातु', असें म्हणतात. ही मंडळी मूळचीं लॉस एंजेलिसचीं. १९८१ सालीं त्यांनीं हा वृंद उभा केला. बर्टनला त्यांनीं बोलाविलें, तेव्हां त्यानें अट घातली कीं आपण आपला मुलूख सोडणार नाहीं, मंडळींनींच इकडे यावें. आणि तीं खरोखरच बिऱ्हाड उचलून तिकडे गेलीं. क्लबांतील ही मैफल म्हणजे त्यांच्याबरोबरचा त्याचा अवघा दुसरा कार्यक्रम होय. पुढें तीन वर्षांनीं, २७ सप्टेंबर १९८६ रोजीं, स्वीडनमध्यें प्रवास करीत असतां त्यांची बस उलटली आणि बर्टन त्या अपघातांत दगावला. वय अवघें २४ वर्षांचें. त्याचा जन्म १९६२ चा, माझाही तोच. आज असता, तर तोही माझ्याप्रमाणें चष्मा शोधीत घरभर फिरला असता, हा विचार मनांत आला, आणि तो फाटका आवाज मी निराळ्या कानांनीं ऐकूं लागलों.

१९८७ सालीं त्याच्या सोबत्यांनीं त्याच्या स्मरणार्थ 'क्लिफ एम ऑल' नांवाची चित्रफीत प्रसिद्ध केली. मीं पाहिलेला तुकडा तींतलाच. या चित्रफितीसाठीं सामग्री कोठून आणली? पुष्कळसा भाग चाहत्यांनीं गुपचूप आंत कॅमेरे नेऊन टिपलेला होता. कांहीं भाग दूरचित्रवाणीसाठीं घेऊन पुढें न वापरलेला. म्हणजे जी वस्तु दारावरच्या रखवालदारानें पाहिली असती तर हिसकावूनच घेतली असती, तीच मित्राच्या श्राद्धाला उपयोगी पडली! वाचकहो, येथेंच मी अडखळलों. चोरी ती चोरी, असें जन्मभर मुलांना शिकविलेला मी मास्तर; पण या चोरीला काय म्हणावें?

उत्तर देण्यापूर्वी या उद्योगाची रीति समजून घेतली पाहिजे. त्या काळीं चाहते लहानसें टेप-यंत्र अंगावर लपवून क्लबांत नेत. तेथील आवाज इतका प्रचंड, कीं यंत्राच्या शक्तीपलीकडे जाई; ध्वनीची लाट वरून छाटली जाऊन आवाज फाटे. मग ती कॅसेट टपालानें दुसऱ्या चाहत्याकडे जाई व बदल्यांत त्याची कॅसेट येई. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी उतरवितांना दर पिढीला फितीची सळसळ वाढत जाई. आपल्या पोथ्यांच्या नकलांत लेखनिकागणिक अपपाठ वाढत, त्यांतलाच हा प्रकार. म्हणूनच आपल्या हातची प्रत मूळ प्रतीपासून कितवी, याची चौकशी हीं मंडळी पाठभेद जुळविणाऱ्या शास्त्र्यांप्रमाणें करीत. पैशाचा व्यवहार बहुधा नसे.

मेटॅलिकाचा उदयही याच वाटेनें झाला. त्यांचा ढोलवादक लार्स उलरिक हा डेन्मार्कमध्यें जन्मलेला, अशा देवघेवींतलाच गडी. १९८२ सालीं त्यांनीं सात गाण्यांची एक नमुन्याची कॅसेट केली. ती हातोहात फिरत न्यू जर्सींतील जॉन झाझूला या ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या गृहस्थाच्या कानीं पडली. त्यानें त्यांना पूर्वेकडे बोलावून घेतलें, आणि जुलै १९८३ मध्यें 'किल एम ऑल' ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. परंतु याच उलरिकनें व त्याच्या वृंदानें २००० सालीं नॅप्स्टर या संस्थेविरुद्ध न्यायालयांत दावा लावला. कारण त्यांचें एक अप्रकाशित गाणें, पुरें होण्यापूर्वींच, तिच्यामार्फत सर्वत्र पसरलें होतें. यांत विसंगति पुष्कळांना दिसली. मला मात्र दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. अपुऱ्या कृतीवर कर्त्याचाच अधिकार. ती त्याच्या हातून काढून घेणें हा अन्याय होय. पण चार लोकांसमोर सादर होऊन हवेंत विरून जाणारी मैफल कोणीं जपून ठेविली, तर त्यानें कोणाचें काय नेलें? तो ती विकावयास बसला, तर गोष्ट निराळी. २००४ सालापासून हा वृंद स्वतःच आपल्या मैफलींचीं ध्वनिमुद्रणें विकूं लागला. म्हणजे चाहत्यांना काय हवें होतें, हें त्यालाही कळलें.

हा मोह नवा नाहीं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मेपल्सन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच, मेणाच्या नळकांड्यांवर आवाज उतरविणारें एडिसनचें यंत्र नाट्यगृहांत नेऊन, चालू प्रयोगाचे तुकडे टिपून ठेविले. खरखर इतकी, कीं गाणें वादळांतून ऐकल्यासारखें वाटतें. तरीही झां द रेझके या त्या काळच्या थोर गायकाचा जो कांहीं आवाज आज उपलब्ध आहे, तो त्या खरखरींतच आहे. आपल्याकडेही तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत न मावलेला रागविस्तार रसिकांनीं खाजगी बैठकींच्या फितींतून घरोघर जपला आहे.

आतां एक गोष्ट सांगतों. ती आजवर घरांतही बोललों नव्हतों. आमचे काका गणेशोत्सवांत वाड्यांत नाट्यपदें म्हणत. १९८४ च्या उत्सवांत वडील बंधूंनीं, काकांच्या नकळत, खांबाआड टेप ठेवून तीं उतरवून घेतलीं. दोन वर्षांनीं मला शाळेच्या मुलांसाठीं शुद्ध उच्चारांचे पाठ भरावयाचे होते आणि कोरी कॅसेट घरांत नव्हती. मनांत म्हटलें, काका काय, पुढच्या गणपतींत पुन्हां गातीलच! मीं त्या कॅसेटवर माझा आवाज भरला. काका पुढचा गणपति पाहूं शकले नाहींत. बंधूंना तें कळलें, पण त्यांनीं मला एका शब्दानेंही बोल लाविला नाहीं. त्या फितीच्या अखेरीस, माझे पाठ संपल्यावर, टाळ्यांचा आवाज आहे आणि काकांचे "पुरे आतां" एवढे दोनच शब्द. बाकी सारे माझेच पाठ. ते आज कोणालाच नको आहेत.

कॅसेटच्या पाठच्या कडेला दोन बारीक पापुद्रे असतात. ते मोडून टाकले, कीं तिच्यावर दुसरें कांहीं भरतां येत नाहीं. त्या वेळीं आम्हां दोघांनाही हें ठाऊक नव्हतें. ज्यांच्या कपाटांत अद्याप वडीलधाऱ्यांचे आवाज पडून आहेत, त्यांनीं ते पापुद्रे आजच मोडावेत, कॅसेटी दमट जागेंतून काढाव्यात, आणि घरच्या मुलांकडून त्यांची संगणकावर नक्कल करून घ्यावी. आणि जे अद्याप गात, बोलत, कीर्तन करीत आहेत, त्यांना विचारून, चोरून नव्हे, आजच टिपून घ्यावें. पुढच्या वर्षीं पाहूं, असें म्हणूं नये.

मुलाला मीं उठतांना एवढेंच सांगितलें, "आवाज जरा कमी कर, पण तें पुसूं नकोस." तो हंसला. त्यानें आतां माझ्या त्या कॅसेटच्या शेवटच्या दोन शब्दांचीही नक्कल करून ठेविली आहे.