चेंडू कोणाच्या अंगणातला?

गेल्या काही महिन्यांतील दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर सौदी अरेबियाचा अल नस्र हा मातबर संघ एफसी गोवाविरुद्ध खेळून गेला. पाहुण्यांचा जगद्विख्यात खेळाडू रोनाल्दो या सामन्यासाठी आलाच नाही. त्यानंतर कित्येक दिवस आमच्याकडे चर्चा चालली ती तो का आला नाही याची. गोवा १-२ असा हरला, पण तो एक गोल आपल्याच ब्रायसन फर्नांडिसने केला, आणि आशियातील एका धनाढ्य संघाला शेवटपर्यंत स्वस्थ बसू दिले नाही, ही गोष्ट त्या चर्चेत कोठल्या कोठे विरून गेली. दुसरा प्रसंग डिसेंबरमधला. मेस्सी भारतात येऊन गेला. त्याचे ओझरते दर्शन घेण्यासाठी लोकांनी हजारो रुपये मोजले, आणि कोलकात्यात तेही धड न झाल्याने खुर्च्या मोडल्या. त्याच काळात देशातील सर्वोच्च फुटबॉल लीगचा हंगाम व्यापारी कराराच्या घोळात अडकून पडला होता आणि ठरल्या वेळी सुरूही होऊ शकला नव्हता. देवाच्या पालखीला गर्दी लोटावी आणि देवळाच्या छपराला कौल मिळू नये, असाच हा प्रकार झाला.

तथापि आमचा आजचा विषय मेस्सी नव्हे, रोनाल्दोही नव्हे. अशा प्रसंगी आपल्याकडे हटकून ऐकू येणारे एक वाक्य हा आमचा विषय आहे. 'फुटबॉल त्यांचा, क्रिकेट आपले.' हे वाक्य कोणी सभेत बोलत नाही. ते चहाच्या हॉटेलात बोलले जाते, लग्नाच्या मांडवात बोलले जाते, आणि ऐकणारा मान डोलावतो. 'ते' म्हणजे सासष्टी-बार्देशातील ख्रिस्तांव आणि 'आपण' म्हणजे फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे येथील हिंदू, असा त्याचा उघड अर्थ. हे वाक्य जितके निरुपद्रवी दिसते तितके ते नाही.

त्याला काहीच आधार नाही असे आम्ही म्हणणार नाही. गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली, शिवोलीला, विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश पाद्र्याबरोबर, असे सर्वत्र सांगितले जाते. पाद्र्याच्या शाळेतून तो चर्चच्या पटांगणात आला, पटांगणातून कापणी झालेल्या सरदाच्या शेतात उतरला, आणि फेस्ताइतकाच गावाचा झाला. जेथे पाद्र्यांच्या शाळा होत्या तेथे तो वाढला. नव्या काबिजादीत त्या विरळ होत्या, तेथे तो उशिरा पोचला. क्रिकेट हा काही पोर्तुगिजांचा खेळ नव्हे. त्यामुळे पोर्तुगीज अमलात तो येथे रुजण्याचे फारसे कारण नव्हते. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांना क्रिकेट खेळण्यासाठी मुंबई गाठावी लागली. १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये ६४२ धावा काढून त्यांनी भारताच्या ऐतिहासिक मालिकाविजयाचा पाया घातला, तोवर गोवा मुक्त होऊन दहा वर्षे होत आली होती. एक मौज येथे सांगण्यासारखी आहे. फुटबॉल 'ज्यांचा' म्हणतात त्यांच्यापैकी कोलवाळचे फॉर्च्युनॅतो फ्रँको हेही मुंबईलाच गेले, आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. घर सोडल्यावाचून मोठे होता येत नाही, हा अनुभव दोन्ही खेळांतल्या गोमंतकीयांनी सारखाच घेतला.

मुक्तीनंतर क्रिकेट आमच्या घराघरांत शिरले ते मैदानावरून नव्हे, कानांवरून. बाळ ज. पंडितांसारख्यांनी मराठी समालोचनाची वाट घालून दिली, आणि मराठी समजणारा माणूस कोठेही असो, खेळ त्याच्या ओसरीवर आला. सीमेपलीकडच्या आळंद तालुक्यात मादन हिप्परग्यासारख्या गावी बसलेला मराठी वाचकही त्यामुळे या खेळाशी बांधला गेला. आणि भाषेने त्याचे केवढे कौतुक केले ते पाहा. षटक, चौकार, षटकार, यष्टिरक्षक, पायचीत, निर्धाव, फिरकी. 'त्रिफळा उडाला' हा शब्दप्रयोग तर इतका नेमका आहे की त्यात तीन यष्ट्यांचा खडखडाट ऐकू येतो. फुटबॉलला मराठीने असे काय दिले? गोलरक्षक, बचावपटू, आघाडीची फळी, बस्स. कॉर्नर, पेनल्टी, ऑफसाइड हे जसेच्या तसे राहिले. ज्या खेळाला घरात नाव नाही, तो खेळ घरचा वाटत नाही, यात नवल ते काय?

दोन्ही खेळांच्या स्वभावातही याचे एक कारण दडलेले आहे. क्रिकेट हा हिशेबाचा खेळ. प्रत्येक चेंडूची नोंद होते, प्रत्येक फलंदाजाच्या नावापुढे आकडा पडतो, आणि पन्नास वर्षांनीही धावफलक उघडून भांडता येते. बखरी आणि जमाखर्च यांत रमलेल्या आपल्या समाजाला हे भावावे, हे स्वाभाविक होय. फुटबॉलचा हिशेब एका ओळीत संपतो. नव्वद मिनिटे बावीस माणसे धावली त्याचे कागदावर उरते ते 'एक-शून्य'. बाकी सारे पाहणाऱ्याच्या स्मरणात. म्हणून जो मैदानावर गेला नाही त्याला फुटबॉल कधी कळत नाही, आणि क्रिकेट मात्र मैदान न पाहताही पाठ होते. आम्हाला दोन्ही प्रिय आहेत. पण गावाला एकत्र आणण्याची शक्ती अधिक कोणात, असे कोणी विचारले तर आम्ही फुटबॉलकडे बोट दाखवू. एक चेंडू आणि नांगरट न झालेले शेत, एवढ्यावर तो चालतो.

आता 'त्यांचा' आणि 'आपले' या शब्दांकडे वळू. गोव्याचा फुटबॉल कोणी पोसला? धेंपो आणि साळगावकर या दोन हिंदू खाणमालक घराण्यांनी. धेंपो क्लबाचे मूळ डिचोलीतील एका क्लबात आहे, सासष्टीत नव्हे. याच क्लबाने पुढे राष्ट्रीय लीगची विजेतेपदे पाच वेळा जिंकली. साळगावकर संघाने १९८८ आणि १९८९ साली लागोपाठ फेडरेशन चषक आणला. मगो पक्षाचे भाऊसाहेब बांदोडकर, ज्यांच्याविषयी आमच्या वाचकांना काही सांगण्याची गरज नाही, त्यांच्या नावाच्या सुवर्ण करंडकाने फुटबॉलच्या मैदानाला देशापरदेशांतील संघ दाखवले. ऐंशीच्या दशकात भारताचे गोलरक्षण आणि नेतृत्व करणारे ब्रह्मानंद संखवाळकर कोण? धेंपो आणि भारताच्या बचावफळीत उभे राहिलेले महेश गवळी आणि समीर नाईक कोण? १९८२-८३ साली बंगालबरोबर संयुक्तपणे आणि पुढच्याच वर्षी एकट्याने गोव्याने संतोष करंडक जिंकला, तेव्हा त्या संघात कोणता खेळाडू देवळात जातो आणि कोणता चर्चमध्ये, हे विचारण्याचे भान कोणालाच नव्हते. ते दिवस पाहिलेल्यांना हे सांगावे लागत नाही.

उलट बाजूही तपासावी. गोव्यात जन्मलेले कसोटी क्रिकेटपटू म्हटले की आपण सरदेसाईंचे नाव घेऊन थांबतो. परंतु नागवा गावी जन्मलेले आंतांव डिसोझा हेही कसोटी खेळले, मात्र पाकिस्तानतर्फे. आणि विजय हजारे? सांगलीचे ख्रिस्ती मराठी. १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम लढतीत ते हिंदू संघाविरुद्ध 'शेष' संघाकडून खेळले. संघाची फॉलोऑननंतरची एकूण धावसंख्या ३८७, त्यांत हजाऱ्यांच्या एकट्याच्या ३०९. दुसऱ्या टोकाला त्यांचे बंधू विवेक खिंड लढवत होते. तीनशे धावांच्या त्यांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा होता अवघ्या एकवीस धावांचा.

ही पंचरंगी स्पर्धा आज आठवण्याचे कारण आहे. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि शेष अशी धर्मावरून संघांची वाटणी करून मुंबईने वर्षानुवर्षे क्रिकेट पाहिले. खेळ उत्तम होता, गर्दी अफाट होती, आणि तरीही १९४० साली गांधीजींनी त्या पद्धतीला जाहीर विरोध केला. १९४६ नंतर ती बंद पडली. ती बंद करण्यासाठी त्या काळच्या लोकांना एक चांगला, लोकप्रिय सोहळा गमवावा लागला. त्यांनी तो गमावला. संघांच्या नावांतून जी वाटणी आपण हद्दपार केली, ती खेळांच्या नावांतून मागच्या दाराने घरात घ्यावयाची काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रश्न नुसता भावनेचा असता तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली. एका छोट्या राज्याचे तीन संघ देशाच्या लीगमधून एकाच वर्षी गेले. फुटबॉलला राज्यक्रीडेचा दर्जा देऊन तेव्हा चार वर्षेही नीट उलटली नव्हती. वरच्या लीगमध्ये कोण खेळणार हे मैदानावर नव्हे तर कंपन्यांच्या बैठकीत ठरू लागले, हे त्यामागचे प्रमुख कारण. खाणींना लागलेले टाळे हे संकट वेगळेच. परंतु या घटनेवर अर्धा गोवा हळहळला आणि अर्धा स्वस्थ बसला. का? तर 'तो त्यांचा खेळ'. ज्या क्लबांना आपल्याच मंडळींनी दशकानुदशके घाम आणि पैसा घालून वाढवले, त्यांची माघार आपल्यापैकी अनेकांना परक्याच्या घरची बातमी वाटली. तीच उदासीनता आमदारांच्या लक्षात येते, आणि मग अंदाजपत्रकातही उतरते. एफसी गोवाने २०१९ आणि २०२५ साली सुपर चषक जिंकला, २०२४ साली आपला संघ संतोष करंडकाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, ही गुणवत्ता संपल्याची लक्षणे नव्हेत. गुणवत्ता आहे, खालची शिडी मात्र मोडत चालली आहे.

क्रिकेटवर आमचा राग आहे असे कोणी समजू नये. १९८५-८६ पासून गोवा रणजी खेळतो आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीत स्नेहल कवठणकर आणि कश्यप बकले यांनी ६०६ धावांची अभेद्य भागीदारी करून रणजीच्या इतिहासातील विक्रम नोंदवला, तेव्हा आम्हालाही अभिमान वाटला. प्रतिस्पर्धी अरुणाचल प्रदेश होता, ही गोष्ट अभिमानाच्या भरात विसरू नये, इतकेच. क्रिकेटचे दुखणे निराळे आहे. तेथे पैशाचा दुष्काळ नाही, व्यवस्थेचा आहे. २००१ साली भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याच्या वेळी बनावट तिकिटांनी मडगावात जी नाचक्की झाली, ती अजून विस्मरणात गेलेली नाही. २४ ऑक्टोबर २०१० चा सामना एकही चेंडू न पडता पावसात वाहून गेला, आणि त्यानंतर फातोर्डा फुटबॉलसाठी राखले गेले. क्रिकेटचे स्वतःचे आंतरराष्ट्रीय मैदान मात्र घोषणांपुढे सरकले नाही.

आमच्या वाचकांच्या तालुक्यांत आज काय दिसते? वाड्यावाड्यांतून टेनिस चेंडूच्या रात्रीच्या स्पर्धा होतात, दिव्यांचे खांब उभे राहतात, पुढारी बक्षिसे वाटतात. त्यांना आमचा विरोध नाही. परंतु त्याच वाड्यावरच्या शाळेला मैदान असते का? शेते पडीक पडत आहेत, कोमुनिदादींच्या जमिनींवर भिंती उभ्या राहत आहेत, आणि कापणीनंतर पोरांना धावायला मोकळा असलेला सरदाचा तुकडा दरवर्षी आखूड होत आहे. पेडणे आणि सत्तरीच्या प्रत्येक पंचायतीने निदान एक मैदान कायमचे राखून ठेवावे. त्यावर सकाळी फुटबॉल आणि दुपारी क्रिकेट खेळले गेले तरी चालेल. सरकारी मराठी शाळांना गोल्स, जाळ्या आणि एक चांगला प्रशिक्षक मिळावा, तो धेंपो-साळगावकरांच्या जुन्या खेळाडूंतून सहज मिळेल. येत्या अंदाजपत्रकात या दोन कामांसाठी स्वतंत्र तरतूद आहे की नाही, हे आमच्या भागातील आमदारांना विधानसभेत विचारता येईल. त्यांनी ते विचारले की नाही, याची नोंद या पानावर आम्ही अवश्य घेऊ.