साखर स्वस्त, पण कुणाच्या जिवावर?

मार्च 2024 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर मोठा रिपोर्ट छापला. कोकाकोला आणि पेप्सी यांच्या पेयांसाठी इथली साखर जाते, आणि त्या साखरेचा ऊस तोडणारी कुटुंबं कर्ज, बालविवाह आणि गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनच्या फेऱ्यात अडकलेली आहेत, असं त्यात मांडलं होतं. परदेशी पेपरात आलं म्हणून ते गाजलं. आपल्याला मात्र हे नवं नव्हतं. बीड जिल्ह्यात 2019 साली सरकारी पाहणी झाली. ऊसतोड करणाऱ्या सुमारे 82 हजार महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

तेव्हा डॉक्टरांवर बोट ठेवलं गेलं, मुकादमावर ठेवलं गेलं. ही साखर विकत घेणाऱ्याला मात्र फारसं कुणी विचारलं नाही. आज आपण तोच प्रश्न घेऊ या.

आधी ही साखळी पाहू. कंपनी कारखान्याकडून साखर घेते. कारखाना ऊसतोडीसाठी कंत्राटदाराशी करार करतो. कंत्राटदार मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला ‘उचल’ देतो. या जोडीला म्हणतात ‘एक कोयता’. राबणारी माणसं दोन, हिशोबात कोयता एकच. बाईच्या नावाने वेगळी मजुरी लिहिलीच जात नाही. उचल आधीच खर्च झालेली असते, ती टनावर फेडायची. एक दिवस खाडा झाला की दंड. अशा वेळी पाळीचा त्रास किंवा पोटदुखी म्हणून घरी बसणं परवडत नाही, आणि ‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला सोयीचा वाटू लागतो. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर. दिवाळीनंतर शाळेतले जे बाक रिकामे पडतात, ते याच कुटुंबांतल्या मुलांचे.

आता विचारा, या बाईचा मालक कोण? कंपनी कारखान्याकडे बोट दाखवते, कारखाना कंत्राटदाराकडे, कंत्राटदार मुकादमाकडे. मुकादम म्हणतो, मी तर फक्त माणसं आणतो. फायदा वरपर्यंत पोचतो, जबाबदारी मात्र मधेच कुठेतरी गायब होते.

कंपन्या म्हणतील, आमच्याकडे सर्टिफिकेट आहे. उसासाठी ‘बॉन्सुक्रो’ नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. तपासणारे येतात, कागद बघतात. पण व्यवहारच तोंडी असेल आणि मजुराचं नाव कारखान्याच्या हजेरीवर नसेल, तर कागदात सापडणार काय?

बांगलादेशने याची जबर किंमत मोजली. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावर इथे ‘राणा प्लाझा’ ही इमारत कोसळली आणि 1,134 जण गेले. त्या इमारतीतल्या काही कपडा कारखान्यांची आधी तपासणी झालेली होती, पण इमारत किती मजबूत आहे हे बघणं त्या तपासणीत नव्हतंच. त्यानंतर 200 हून जास्त कंपन्यांनी कामगार संघटनांसोबत कायद्याने बांधून घेणारा करार केला. स्वतंत्र इंजिनियर तपासणार, त्यांचे अहवाल लोकांसमोर येणार, दुरुस्तीला पैसा उभा राहील अशी सोय खरेदीदाराने करायची, आणि तरीही न सुधारणाऱ्या कारखान्याचं काम बंद. सर्टिफिकेट पुरवठादाराला तपासतं. या कराराने खरेदीदारालाही बांधलं. सगळा फरक इथे आहे.

ऊसतोडीतही हेच हवं. लेखी करार, बाईची मजुरी तिच्याच हातात, खाड्याचा दंड बंद, आणि या सगळ्याचा खर्च साखरेच्या दरात धरायला कंपनीची तयारी. दर पाडून मागायचा आणि वर सर्टिफिकेटही मागायचं, हा प्रामाणिक सौदा नव्हे. बोभाटा झाला म्हणून कारखाना बदलून मोकळं होणंही बरोबर नाही. नवा कारखाना तसाच असतो आणि जुन्याकडच्या मजुराचं काम तेवढं जातं. आधी सुधारायला मदत आणि मुदत द्यावी, तरी ऐकलं नाही तर सोडावं.

आणि आपण? आपल्या शाळा, ट्रस्ट, जमाती, शादीखाने सगळेच खरेदी करतात. गणवेश शिवून घेतात, बांधकाम देतात, दावतीचं कंत्राट देतात. बहुतेक ठिकाणी तीन कोटेशन मागवायची आणि सगळ्यात खालच्या दराला काम द्यायचं, एवढीच पद्धत. मापात पाप नको असं आपण दुकानदाराला बजावतो, मग मजुरीच्या मापाचं काय? पुढच्या मीटिंगमध्ये कोटेशन समोर आलं की दोनच प्रश्न विचारावेत. हे काम प्रत्यक्ष कोण करणार? आणि त्याच्या किंवा तिच्या हातात किती पैसे पडणार, केव्हा पडणार? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याचा दर कितीही कमी असो, तो दर कुणाचा तरी हक्क मारूनच कमी झालेला असण्याची शक्यता मोठी आहे.